रेडिओवरच्या मुलाखती आणि ‘म्हणजे काय?’ हा प्रश्न

सांगलीची_लेक

मंडळी, गेल्या महिन्यात गावाकडचं घर आवरताना माळ्यावर बुटांचं एक खोकं सापडलं. आत एकोणीस कॅसेटी. प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘हुमणी’, ‘ग्रहण’, ‘दूध का नासतं’, ‘जुने तमाशा फड’. बाबा शेतकरी, शिक्षण सातवीपर्यंत. टू-इन-वनमध्ये कोरी कॅसेट कायम घातलेली असायची. आकाशवाणी सांगलीवर संध्याकाळी कुणी जाणकार बोलायला येणार असं कळलं की घरात सगळ्यांना बोलायची बंदी आणि भांडी घासायलाही बंदी.

पहिल्यांदा ‘हुमणी’ लावली. एक कृषी शास्त्रज्ञ बोलतायत आणि एक बाई विचारतायत. दोघांचीही नावं टेपवर नाहीत, कारण बाबांनी बटण दाबेपर्यंत ओळख होऊन गेलेली. शास्त्रज्ञांनी सुरुवात केली ती अशी: “वळीव पावसानंतर प्रौढ भुंगेऱ्यांचं निर्गमन होतं आणि यजमान वनस्पतींवर त्यांचं मिलन होतं.” बाईंनी तिथंच अडवलं. “म्हणजे काय? मी दिवस मावळताना बांधावर उभी आहे. मला काय दिसेल?”

दोन-तीन सेकंद काहीच नाही, नुसती पंख्याची घरघर. मग त्या माणसाचा सूरच बदलला. “पहिला वळीव पडला की अंधार पडता पडता जमिनीतनं तांबूस काळे भुंगे वर येतात. कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जाऊन बसतात. पाला खातात, जोड्या जमतात आणि उजाडायच्या आत परत मातीत शिरतात. तिथं मादी अंडी घालते. त्या अंड्यातनं निघालेली अळी म्हणजे तुमच्या उसाची मुळं खाणारी हुमणी.” बाईंचा पुढचा प्रश्न: “मग आधी उसाकडं बघायचं की झाडाकडं?” उत्तर: “आधी झाडाकडं. फांद्या हलवा, पडलेले भुंगे गोळा करा, रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. एक मादी पकडली तर पन्नास-साठ अंडी टळली.”

ते ऐकताना मला लख्ख आठवलं. मी तिसरी-चौथीत असेन. बाबा आणि चुलते कंदील घेऊन बांधावरच्या कडुनिंबाखाली. लांब काठीला आकडी बांधलेली. फांदी ओढून हिसका दिला की भुंगे गारांसारखे टपटप पडायचे आणि आम्ही पोरं ते डब्यात भरायचो. हा उद्योग कुठून आला ते मला आजवर माहीत नव्हतं. तो त्या दोन प्रश्नांमधून आला होता.

अख्खी मुलाखत चौदा मिनिटांची आहे. त्या बाईंनी ‘म्हणजे काय?’ विचारलं नसतं तर बाबांनी ‘निर्गमन’ आणि ‘यजमान वनस्पती’ ऐकून रेडिओ बंद केला असता. शास्त्रज्ञाकडं ज्ञान होतं, पण ते आमच्या बांधावर आलं ते त्या प्रश्नामुळं. हे श्रेय कुणी त्यांना दिलेलं मी ऐकलं नाही, म्हणून हा धागा.

तुम्ही ऐकलेल्या अशा मुलाखती सांगा. विज्ञान, यंत्रं, लोककला, काहीही चालेल. पण जाणकार काय बोलला याबरोबरच विचारणाऱ्यानं काय केलं तेही लिहा.

फळा_आणि_खडू

ताई, वाचताना अंगावर काटा आला. मी निवृत्त शिक्षक.

१९९१ साली आकाशवाणी आणि राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषद यांनी मानवाच्या उत्क्रांतीवर १४४ भागांची मालिका सुरू केली होती, १८ भाषांमधून. मी वर्गात रेडिओ ठेवायचो. ती नुसती मुलाखत नव्हती, पण शास्त्रज्ञ आणि श्रोता यांच्यामधलं अंतर कमी करायची धडपड तीच.

एका भागानंतर एका मुलीनं विचारलं, “गुरुजी, मग आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत?” मला पटकन उत्तर सुचलं नाही. रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी सांगितलं: “तुझा पणजोबा एक. त्याची दोन मुलं, एक गावात राहिला, एक घाटाखाली गेला. घाटाखालची भावकी म्हणजे तुझे पूर्वज नव्हेत, ते तुझे चुलत. आत्ताचं माकड आपलं चुलत आहे, आजोबा नाही.” वर्गाला कळलं. भावकी म्हणजे काय हे गावातल्या पोराला शिकवावं लागत नाही.

जुना_उद्घोषक

मी नैमित्तिक उद्घोषक म्हणून काही वर्षं काम केलं. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रारही करायची आहे.

आधी हे समजून घ्या की तज्ज्ञ मंडळी अवघड का बोलायची. सरकारी रेडिओवर भाषणाची लेखी प्रत आधी द्यावी लागे. ती तपासली जाई. त्यामुळं माणूस स्टुडिओत कागद घेऊनच यायचा आणि मुलाखत ठरली असली तरी कागदावरचंच बोलायचा. प्राध्यापक असेल तर विचारूच नका, समोर आपले सहकारी बसलेत अशा थाटात सुरुवात. चांगला निवेदक पहिलं काम करायचा ते म्हणजे कागद बाजूला ठेवायला लावणं. आमचे एक ज्येष्ठ कार्यक्रम अधिकारी पाहुण्याला चहा पाजत पाजत विचारायचे, “सर, हे तुमच्या आईला कसं सांगाल?” उत्तर सुरू झालं की हळूच काचेपलीकडं खूण. लाल दिवा लागायचा, पाहुण्याला पत्ताही नसायचा. टेप संपल्यावर ते पाहुण्याला ऐकवायचे आणि परवानगी घ्यायचे. बहुतेकांनी ती आनंदानं दिली.

आता संकलनाबद्दल. स्पूल टेप सेकंदाला साडेसात इंच वेगानं फिरायची. म्हणजे ‘अं…’ म्हणून कुणी सेकंदभर अडखळला की साडेसात इंच फीत. तो तुकडा शोधायला दोन्ही चकत्या हातानं पुढंमागं फिरवायच्या, आवाज ‘वूऽऽव’ असा घोगरा ऐकू येतो, शब्द सुरू होतो तिथं पिवळ्या पेन्सिलीनं खूण, मग ब्लेडनं तिरका छेद आणि मागून चिकटपट्टी. छेद तिरका एवढ्यासाठी की जोडावर ‘टक्’ असा आवाज येऊ नये. मी सुरुवातीला उत्साहात सगळ्या शांतता कापून टाकायचो. त्याच साहेबांनी एकदा टोपलीतून माझी कापलेली फीत काढली आणि परत जोडायला लावली. म्हणाले, “माणूस विचार करतोय, ते ऐकू येऊ दे.”

ताई, तुमच्या टेपवरची ती पंख्याची घरघर कुणीतरी मुद्दाम ठेवली असणार.

आणि ही तक्रार. टेप महाग म्हणून आमच्या केंद्रावर प्रसारण झालं की बरेचसे स्पूल पुसून पुन्हा वापरायला निघत. मोठ्या नावांचं जपून ठेवलं जायचं. शेतीवाले, वैद्य, लोहार, पाणी अडवणारे इंजिनिअर, यांचं पुसलं जायचं. मी स्वतः पुसलेत. त्याचं वाईट आजही वाटतं. म्हणून तुमच्या खोक्यातल्या त्या एकोणीस कॅसेटींची किंमत फार मोठी आहे.

उलट_प्रश्न

धागा आवडला, पण एक मतभेद नोंदवतो. ‘म्हणजे काय?’ हा प्रश्न चांगला असला तरी शब्द सोपा करताना अर्थ सांडतो, आणि मुलाखत घेणाऱ्याला विषय माहीत नसेल तर जास्तच सांडतो.

माझं क्षेत्र औषधांचं. एका वाहिनीवर डॉक्टर नीट सांगत होते की सर्दी-पडसं बहुतेक वेळा विषाणूमुळं होतं, प्रतिजैविकं जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. निवेदक म्हणाला, “थोडक्यात काय, जंतूंवर गोळी घ्यायची!” आणि लगेच गाणं लावलं. जिवाणू आणि विषाणू यांतला फरक हाच त्या मुलाखतीचा जीव होता, तो ‘जंतू’ या एका शब्दात बुडाला. ऐकणाऱ्यानं त्या आठवड्यात दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणल्या असतील तर दोष कुणाचा?

काही शब्द अवघडच ठेवावेत आणि श्रोत्याला ते शिकवावेत. मराठी श्रोता तेवढा समर्थ आहे.

सांगलीची_लेक

@उलट_प्रश्न, तुमचं उदाहरण अगदी पटलं. पण तो निवेदक ‘म्हणजे काय?’ विचारत नव्हता हो, ‘थोडक्यात काय’ सांगत होता. माझ्या टेपवरच्या बाई स्वतः एकदाही अर्थ सांगत नाहीत. सांगायचं काम त्या शास्त्रज्ञांवरच ठेवतात. आणि ‘भुंगेरे’ हा शब्द पुढं तीन-चारदा येतो, बाबांनी तो उचललाही होता.

थेम्सकाठची

मी बरीच वर्षं लंडनमध्ये आहे. इथं बीबीसी रेडिओ ४ वर दर गुरुवारी सकाळी ९ वाजता ‘इन अवर टाइम’ लागतो. १५ ऑक्टोबर १९९८ ला सुरू झाला. पद्धत साधी: एक विषय, विद्यापीठात तो विषय शिकवणारे तीन अभ्यासक आणि विचारणारा एक. मध्ये गाणं नाही, जाहिरात नाही. आज कृष्णविवर, पुढच्या आठवड्यात एखादा ग्रीक नाटककार, त्यानंतर शून्याचा इतिहास. भगवद्गीतेवर आणि सम्राट अशोकावरही भाग झालेत. २०२३ मध्ये हजार भाग पूर्ण झाले.

मेल्विन ब्रॅग यांनी तो २०२५ पर्यंत चालवला. ते मुळात साहित्य आणि कला या क्षेत्रांतले. पण भौतिकशास्त्रावरही ते नेटानं विचारायचे आणि प्राध्यापक भरकटला की सरळ मध्ये बोलून वाटेवर आणायचे. सुरुवातीला मला ते उद्धट वाटायचं. नंतर लक्षात आलं की ते माझ्या वतीनं घाई करतायत. कारण ४०-४५ मिनिटांत मला विषयाचं एक टोक तरी हाताला लागायला हवं.

मला सगळ्यात आवडतो तो पॉडकास्टमधला शेवटचा तुकडा. प्रसारण संपतं, पण ध्वनिमुद्रण चालू असतं. ब्रॅग विचारायचे, सांगायचं काय राहिलं? आणि मग ते तिघं असे मोकळे सुटायचे! जे ठरवून आलेले असतात पण वेळेत बसलेलं नसतं, ते सगळं बाहेर पडायचं. शेवटी निर्माता आत येऊन चहा हवा की कॉफी ते विचारतो, तेही आपल्याला ऐकू येतं. @जुना_उद्घोषक काका, तुमच्या साहेबांनी चहानं सुरुवात केली, हे चहानं शेवट करतात!

@उलट_प्रश्न, तुमचा मुद्दा इथं सुटलेला दिसतो. शब्द अवघडच राहतात, पण प्रत्येक शब्दापाशी कुणीतरी थांबतं. मराठीत असा, एका विषयावर तिघांना बसवून, पाऊण तास चालणारा कार्यक्रम व्हावा ही माझी फार इच्छा आहे. विषय मनात येतात तेव्हा थांबता येत नाही: हेमाडपंती बांधणी, दख्खनचा काळा कातळ, महानुभावांची सांकेतिक लिपी, कोयनेचा भूकंप.

नारायणगावकर

आमच्या गावाजवळ खोडदला जीएमआरटी आहे, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी मोठी दुर्बीण, माहीत असेलच. ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी, त्यांतल्या १४ मधोमध एका चौरस किलोमीटरच्या आसपास आणि बाकीच्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, एकूण २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना.

तर रेडिओवर या दुर्बिणीबद्दल सांगायचं म्हणजे मोठी पंचाईत. चित्र दाखवता येत नाही. मी एक मुलाखत ऐकली होती, त्यात विचारणाऱ्या मुलीनं अगदी आमच्या आजीचा प्रश्न विचारला: “ती ताटली जाळीची आहे. आरपार आकाश दिसतं. मग आकाशातनं आलेलं सगळं गळून जात नाही का?”

तिथल्या शास्त्रज्ञानं दिलेलं उत्तर मी आजही शाळेच्या सहलींना सांगतो. ती जाळी बारीक पोलादी तारांची, भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. हायड्रोजनकडून येणारी लहर २१ सेंटिमीटर लांबीची. एवढ्या मोठ्या लहरीला एवढं छोटं भोक जाणवतच नाही, तिच्या दृष्टीनं ती सलग पत्र्याची भिंत. चाळणीतनं पीठ पडतं, भोपळा पडत नाही. वारा मात्र जाळीतनं निघून जातो, म्हणून एवढी मोठी ताटली हलक्या सांगाड्यावर उभी राहते आणि खर्चही वाचतो.

‘भोपळा पडत नाही’ हे ऐकल्यावर माझी आजी, जी त्या दुर्बिणींना ‘छत्र्या’ म्हणायची, ती म्हणाली, “आसं व्हय!” तिला तरंगलांबी कळली. तो शब्द माहीत नसताना कळली.

प्रश्नांवरून आठवलं. डॉ. जयंत नारळीकर मुलांना नुसती सही द्यायचे नाहीत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, सहीनिशी उत्तर पाठवतो, असं सांगायचे. २० मे २०२५ ला ते गेले तेव्हा कितीतरी लोकांनी आपली जपलेली पोस्टकार्डं बाहेर काढली.

ग्रंथालय_कोपरा

या धाग्यात एक नोंद असायलाच हवी. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. मूळ कल्पना कॅनडातली, तिथं १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळं चालायची. आपल्याकडं आठवड्यातून दोन असे २० कार्यक्रम झाले. गावातले पंधरा-वीस जण एकत्र बसून अर्धा तास ऐकायचे आणि मग रेडिओ बंद करून अर्धा तास आपसात बोलायचे. शंका उरल्या तर पत्र, आणि पत्राचं उत्तर पुढच्या कार्यक्रमात. घोषवाक्य होतं ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’.

टाटा समाजविज्ञान संस्थेत त्या वेळी असलेले पॉल न्यूराथ यांनी त्याची पाहणी केली. तुलनेसाठी मंडळं नसलेली गावंही घेतली होती. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत पडलेली भर ठळकपणे जास्त होती. १९५९ पासून हा प्रयोग देशभर नेला.

मला यातली रेडिओ बंद करण्याची गोष्ट फार मोलाची वाटते. जाणकाराचं बोलणं संपल्यावरचा तो अर्धा तास. ताई, तुमचे बाबा आणि चुलते यांनी कंदील पेटवायच्या आधी असंच काहीतरी बोलणं केलं असेल.

माणदेशी_माती

सगळे शास्त्रज्ञांवर बोलताय म्हणून मी दुसऱ्या जाणकारांबद्दल लिहिते. आमच्या भागात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आहे, ९०.४ वर, २००८ पासून. मी तिथली नाही, दुसऱ्या एका लहान सामुदायिक केंद्रावर मदत करते. अशा केंद्रांना ताकद कमीच दिलेली असते, दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढं आवाज जात नाही. पण त्याचाच फायदा होतो. ज्याची मुलाखत घेतो त्याला सगळे श्रोते ओळखत असतात, त्यामुळं कुणी फुशारकी मारत नाही.

मी घोंगडी विणणाऱ्या एका सणगर आजोबांशी बोलले. तयारी करून गेले होते, दहा प्रश्न वहीत. पहिल्या तीन प्रश्नांना “व्हय”, “नाय”, “आसंल” अशी उत्तरं. वही मिटली. ते ताण्याला कुंच्यानं चिंचोक्याची खळ लावत होते. मी विचारलं, “ही नाही लावली तर?” ते काही बोललेच नाहीत. उठले, खळ न लावलेला एक धागा ताणून धरला आणि बोटानं छेडला. मऊ, बसका आवाज. मग वाळलेल्या खळीचा धागा छेडला. टण्ण! आणि म्हणाले, “ह्यो मागावर टिकतो. त्यो पिंजतो.”

मी रेकॉर्डर अगदी धाग्याला लावून ते दोन्ही आवाज पुन्हा करून घेतले. प्रसारण झाल्यावर आठवडाभर गावातली पोरं दोरे ताणून छेडत होती. लोकरीचा धागा खळीनं ताठ होतो, घासला तरी तुटत नाही, हे वाक्य मी लिहून वाचलं असतं तर कुणाच्या लक्षात राहिलं असतं? आजोबा त्या विषयातले तज्ज्ञच आहेत. आमच्या कार्यक्रमात त्यांची ओळख मी तशीच करून दिली, “आजचे तज्ज्ञ” म्हणून. ते ऐकून त्यांच्या सूनबाई रडल्या.

जुना_उद्घोषक

@माणदेशी_माती, तुम्ही धाग्याचा आवाज घेतलात हे वाचून मला पुन्हा स्टुडिओत जावंसं वाटलं.

@सांगलीची_लेक, आता कामाचं बोलतो. त्या कॅसेटी अशाच लावत बसू नका. इतकी वर्षं एका जागी पडलेली फीत थरांत चिकटलेली असते. आधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं फिरवून घ्या, ऐकू नका. प्लेअरचं हेड आणि रबरी रोलर कापसाच्या बोळ्यानं, थोड्या स्पिरिटनं पुसा, वाळू द्या. फीत आतल्या आत कुरकुरली तर तिथंच थांबा. कॅसेटीच्या मागच्या दोन खुंट्या मोडून टाका म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही. संगणकावर घेताना आवाज ‘स्वच्छ’ करण्याच्या फंदात पडू नका, आधी आहे तसं उतरवून ठेवा. चिठ्ठ्यांचे फोटोही काढा.

उलट_प्रश्न

मी लिहून काढायला मदत करतो. दर रविवारी दोन तास देऊ शकेन. आणि जिथं शास्त्रीय शब्द येईल तिथं तो तसाच ठेवून पुढं बोलणाऱ्यानंच दिलेला अर्थ, असं करूया.

सांगलीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सांगितलं तसं सगळं केलं. दुसरी उतरवली ती ‘ग्रहण’. २४ ऑक्टोबर १९९५ च्या सूर्यग्रहणाच्या आधीची. आपल्याकडं ते खंडग्रास होतं, खग्रास दिसलं ते राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात.

यात विचारणारे एक गृहस्थ आहेत. आवाज त्या बाईंचा नाही, पण शाळा तीच असणार. सगळं खगोलशास्त्र होऊ दिलं आणि मग विचारलं, “आमच्या घरात एक सून गरोदर आहे. तिनं त्या वेळी विळीवर भाजी चिरली तर?” पाहुणे हसले नाहीत, चिडलेही नाहीत. म्हणाले, “चंद्राची सावली आहे ती. झाडाच्या सावलीत बसून ती भाजी चिरतेच ना? सूर्याकडं उघड्या डोळ्यांनी बघू नका म्हणावं, डोळा जळतो. हे तिलाही लागू आणि तुम्हालाही. बघायचंच असेल तर पीठ चाळायची चाळणी उन्हात धरा आणि भिंतीवर काय पडतं ते बघा.”

ही मुलाखत आम्ही सगळ्यांनी ऐकली होती. धाकट्या काकूला तेव्हा सातवा महिना. दिवाळीतली सकाळ होती. आजीनं विळी फडताळात कुलूपबंद केली ती केलीच, मुलाखतीनं त्यात काही फरक पडला नाही. पण काकूला अंधाऱ्या खोलीत बसवायचं ठरलं होतं ते बाबांनी होऊ दिलं नाही. त्यांनी अंगणात पिठाची चाळणी धरली. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर प्रत्येक भोकातून एकेक सूर्य पडला होता, आणि प्रत्येक सूर्य कोरीसारखा कापलेला. शे-दीडशे कोरी एकदम. काकू सूर्याकडं पाठ करून भिंतीजवळ उभी राहिली. थोड्या वेळानं आजीही आली, पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला आणि बोटानं एकेक कोर मोजायला लागली.